स्कॅटर प्लॉट आणि सहसंबंध: आधी चित्र, मग आकडा

सहसंबंध, म्हणजे दोन मोजमापे एकमेकांबरोबर कशी बदलतात हे, काढण्याचे काम अनेक जण उलट्या क्रमाने करतात. आकड्यांचे दोन रकाने हाती आले की आधी संगणकाला गुणांक, म्हणजे हा संबंध सांगणारा −१ ते +१ मधला एक आकडा, विचारला जातो. तो मोठा आला तर समाधान मानले जाते आणि अहवाल भरीव दिसावा म्हणून शेवटी एक स्कॅटर प्लॉट, म्हणजेच प्रत्येक जोडी एका ठिपक्याने दाखवणारा विकिरण आलेख, चिकटवला जातो. वास्तविक आलेख हा गुणांकाचा पुरावा तपासण्याचे साधन आहे. तो आधी काढून नीट पाहिला नाही, तर गुणांक कशाचा आहे हेच कळत नाही. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

समजावण्यासाठी एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. आठ व्यक्तींचे घर ते कामाचे ठिकाण हे अंतर किलोमीटरमध्ये आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ मिनिटांमध्ये पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक जोडीत पहिला आकडा अंतराचा व दुसरा वेळेचा आहे: (२, १०), (३, १८), (४, १६), (५, २४), (६, २०), (८, ३२), (९, २८), (११, ४४).

## टप्पा १: जोडी कशाची आहे ते ठरवा

सहसंबंध दोन रकान्यांचा नसून जोड्यांचा असतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक व्यक्ती, एक दिवस, एक रोप किंवा एक यंत्र, आणि त्याच एका घटकाची दोन मोजमापे. म्हणून कागदावर पहिले वाक्य हे लिहावे: «माझ्या आलेखातील एक ठिपका म्हणजे अमुक.» हे वाक्य पूर्ण करता आले नाही, तर पुढे जाऊ नये. एका वर्गातील मुलांची उंची आणि दुसऱ्या वर्गातील मुलांचे वजन हे दोन रकाने समान लांबीचे असले, तरी त्यांच्यात जोडी नाही. संगणक मात्र तक्रार न करता त्यांचाही गुणांक काढून देतो.

दोन्ही मोजमापे संख्यात्मक आहेत ना, हेही इथेच पाहावे. रक्तगट किंवा जिल्हा यांना १, २, ३ असे संकेतांक दिले म्हणून त्या संख्या होत नाहीत. अशा रकान्याचा गुणांक निरर्थक असतो.

## टप्पा २: तक्ता स्वच्छ करा

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एकच घटक ठेवावा. पहिल्या रकान्यात त्याची ओळख, दुसऱ्यात पहिले मोजमाप आणि तिसऱ्यात दुसरे मोजमाप लिहावे. ओळखीचा रकाना अनावश्यक वाटतो, पण पुढे एखादा ठिपका वेगळा पडला की तो कोणाचा आहे हे शोधण्याचा तोच एक मार्ग असतो.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार होतात. पहिली, एकच रकाना निवडून चढत्या क्रमाने लावणे. त्यामुळे जोड्या तुटतात, आणि दोन्ही रकाने वेगवेगळे चढत्या क्रमाने लावले तर कोणत्याही आकड्यांत भक्कम सहसंबंध असल्याचा भास होतो. दुसरी, न मिळालेल्या मोजमापाच्या जागी शून्य भरणे. शून्य हे मोजमाप आहे, रिकामी जागा नाही, त्यामुळे रिकामी जागा रिकामीच ठेवावी. तिसरी चूक सहज दिसत नाही: आकड्याच्या चौकटीत «१२ किमी» असे एकक लिहिले, तर तो आकडा मजकूर म्हणून साठवला जातो. एक्सेलमधील गुणांक काढणारे कोरेल (CORREL) हे सूत्र अशी चौकट मुकाट्याने वगळते. आलेखात तर त्याहून वाईट घडते. क्ष-मूल्यांच्या, म्हणजे आडव्या अक्षावरील आकड्यांच्या, रकान्यात मजकूर आला की एक्सेल खरी मूल्ये सोडून देऊन त्यांच्या जागी १, २, ३ असे अनुक्रमांक वापरू शकते. आलेख छान दिसतो, पण तो तुमच्या माहितीचा नसतो.

तपासणी: चौकटींची मांडणी मुद्दाम बदललेली नसेल, तर एक्सेलमध्ये संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे सरकलेला दिसतो. रकान्यावर एक नजर फिरवावी आणि डावीकडे गेलेला आकडा दुरुस्त करावा. त्यानंतर प्रत्येक रकान्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या पाहावी, म्हणजे दशांश चिन्ह हुकलेली नोंद सापडते. सर्व मोजमापे एकाच एककात आहेत याचीही खात्री करावी.

## टप्पा ३: अक्ष ठरवा

जे मोजमाप आधी ठरलेले असते किंवा ज्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा असतो, ते आडव्या क्ष-अक्षावर घ्यावे, आणि ज्याचा अंदाज बांधायचा ते उभ्या य-अक्षावर घ्यावे. आपल्या उदाहरणात अंतर क्ष-अक्षावर आणि वेळ य-अक्षावर येईल. अक्षांची अदलाबदल केल्याने सहसंबंध गुणांक बदलत नाही, मात्र कलरेषा, म्हणजे ठिपक्यांच्या समूहातून जाणारी सर्वांत जवळची सरळ रेषा, बदलते आणि वाचणाऱ्याच्या मनात तयार होणारा प्रश्नही बदलतो. म्हणून हा निर्णय सवयीने घेऊ नये.

स्तंभालेखात य-अक्ष शून्यापासून सुरू करणे आवश्यक असते, कारण तिथे स्तंभाच्या लांबीलाच अर्थ असतो. स्कॅटर प्लॉटमध्ये ठिपक्याची जागा महत्त्वाची असते, त्यामुळे ही सक्ती नाही. प्रौढांची उंची १५० ते १८५ सेंटिमीटरच्या दरम्यान असेल आणि अक्ष शून्यापासून घेतला, तर सगळे ठिपके एका कोपऱ्यात गोळा होतात आणि आकार दिसेनासा होतो. ठिपक्यांनी चौकटीचा बहुतांश भाग व्यापला पाहिजे. आपल्या उदाहरणात क्ष-अक्ष ० ते १२ आणि य-अक्ष ० ते ५० हे सोयीचे आहे.

इशारा: प्रमाण पसरवून किंवा आवळून तोच संबंध डोळ्याला भक्कम किंवा दुबळा भासवता येतो. दोन आलेखांची तुलना करायची असेल, तर दोन्हींचे अक्ष सारखेच ठेवावेत.

## टप्पा ४: ठिपके मांडा

आलेखकागदावर काम करताना प्रत्येक जोडीसाठी आधी क्ष-मूल्यावर यावे, तिथून सरळ वर य-मूल्यापर्यंत जावे आणि बारीक फुली मारावी. तक्त्यातील त्या ओळीपुढे खूण करावी, म्हणजे एखादी जोडी सुटत नाही किंवा दोनदा मांडली जात नाही. ठिपके एकमेकांना रेषेने जोडू नयेत. शाळेत रेषालेख काढण्याची सवय लागलेली असल्याने ही चूक फार होते. आपल्या आठ व्यक्तींमध्ये एकीनंतर दुसरी असा कोणताही क्रम नाही, मग त्यांना जोडणाऱ्या रेषेचा अर्थ तरी काय लावायचा?

एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये केवळ दोन आकड्यांचे रकाने शीर्षकांसह निवडावेत, इन्सर्ट मेनूतून चार्ट घालावा आणि प्रकार म्हणून स्कॅटर निवडावा. एक्सेलमध्ये डावीकडचा रकाना क्ष-अक्षावर जातो. लाइन चार्ट निवडू नये. तो क्ष-मूल्यांना बहुधा नुसती नावे समजून समान अंतरावर मांडतो. आपल्या उदाहरणात ६ नंतर ८ आणि ९ नंतर ११ आहे, पण लाइन चार्टमध्ये या सगळ्या पायऱ्या सारख्याच दिसतील.

अक्षांना मोजमापाचे नाव आणि एकक दोन्ही लिहावे: «अंतर, किलोमीटर» आणि «वेळ, मिनिटे». जोड्या शेकड्यांनी असतील, तर ठिपके एकमेकांवर चढून एकच काळा डाग दिसतो. अशा वेळी ठिपके लहान करावेत आणि त्यांचा रंग अर्धपारदर्शक ठेवावा, म्हणजे गर्दीची जागा गडद दिसते.

तपासणी: तक्त्यातील कोणत्याही दोन ओळी घेऊन त्यांचे ठिपके आलेखात बोटाने शोधावेत, आणि मग ठिपक्यांची एकूण संख्या जोड्यांच्या संख्येशी जुळवावी. एखादा ठिपका कमी भरला, तर दोन जोड्या तंतोतंत सारख्या आहेत का ते पाहावे.

## टप्पा ५: गुणांकाकडे वळण्यापूर्वी चित्र वाचा

चित्राला पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत.

1. ठिपक्यांचा समूह डावीकडून उजवीकडे जाताना वर चढतो, खाली उतरतो, की कोणतीच दिशा दिसत नाही? वर चढत असेल तर संबंध धन, खाली उतरत असेल तर ऋण.
2. समूहाचा आकार सरळ पट्ट्यासारखा आहे की वाकलेला?
3. पट्टा अरुंद आहे की रुंद, आणि ही रुंदी सगळीकडे सारखी आहे की एका टोकाला पंख्यासारखी पसरते?
4. समूहापासून तुटलेला एखादा ठिपका आहे का?
5. एकाच समूहाऐवजी दोन-तीन वेगळे पुंजके दिसतात का?

यांतील दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. नेहमी वापरला जाणारा पिअर्सनचा सहसंबंध गुणांक केवळ सरळरेषेतील संबंध मोजतो. क्ष ची मूल्ये −३, −२, −१, ०, १, २, ३ आणि य म्हणजे त्यांचे वर्ग, अर्थात ९, ४, १, ०, १, ४, ९ अशी घेतली, तर क्ष कळला की य पूर्णपणे कळतो. संबंध याहून पक्का असू शकत नाही, तरीही गुणांक बरोबर शून्य येतो, कारण डाव्या बाजूची उतरण आणि उजव्या बाजूची चढण एकमेकांना रद्द करतात. म्हणून गुणांक शून्य आल्यावर «संबंध नाही» असे लिहू नये. «सरळरेषेतील संबंध दिसत नाही» असे लिहावे.

फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ जोड्यांचे चार संच मुद्दाम तयार केले. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची सरासरी सुमारे ७.५ आणि गुणांक सुमारे ०.८२ आहे. कलरेषासुद्धा जवळजवळ एकच आहे. आलेख काढल्यावर मात्र पहिल्या संचात साधा चढता समूह दिसतो, दुसऱ्यात स्वच्छ वक्ररेषा दिसते, तिसऱ्यात सरळ रेषेबाहेर पडलेला एकच ठिपका दिसतो, आणि चौथ्यात एक ठिपका सोडून बाकी सगळे एकाच उभ्या रेषेत असतात. गुणांकाच्या आधी आलेख का, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

## टप्पा ६: गुणांक काढा

एकदा तरी हा गुणांक हाताने काढावा, म्हणजे संगणकाचे उत्तर आंधळेपणाने स्वीकारण्याची सवय सुटते.

आपल्या उदाहरणात अंतराची सरासरी ४८ भागिले ८, म्हणजे ६ आहे आणि वेळेची सरासरी १९२ भागिले ८, म्हणजे २४ आहे. प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा केली की विचलने मिळतात. अंतराची विचलने −४, −३, −२, −१, ०, २, ३, ५ आणि वेळेची −१४, −६, −८, ०, −४, ८, ४, २० अशी येतात.

तपासणी: प्रत्येक रकान्यातील विचलनांची बेरीज शून्य आली पाहिजे. ती आली नाही तर सरासरी चुकली आहे किंवा एखादे चिन्ह हुकले आहे.

आता प्रत्येक जोडीतील विचलनांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी: ५६ + १८ + १६ + ० + ० + १६ + १२ + १०० = २१८. अंतराच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ६८ आणि वेळेच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ७९२ येते. ६८ आणि ७९२ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे २३२.०७ आहे. २१८ ला २३२.०७ ने भागले की गुणांक सुमारे ०.९४ मिळतो.

कृती पाहिली की अर्थही लागतो. जी व्यक्ती दोन्ही मोजमापांत सरासरीच्या वर आहे किंवा दोन्हींत खाली आहे, तिचा गुणाकार धन येतो आणि ती गुणांकाला वर ढकलते. एका बाबतीत वर आणि दुसऱ्यात खाली असणारी व्यक्ती त्याला खाली खेचते. वर्गमुळाने भागल्यामुळे उत्तर −१ आणि +१ यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. ते बाहेर गेले असेल, तर आकडेमोडीत नक्की चूक आहे. याच भागाकारामुळे एककेही निघून जातात, म्हणून अंतर मीटरमध्ये लिहिले तरी गुणांक ०.९४ च राहतो.

संगणकावर हेच काम कोरेल हे सूत्र करते. त्याला दोन रकाने समान लांबीचे आणि एकाच ओळीपासून सुरू होणारे द्यावेत. एक रकाना दुसऱ्या ओळीपासून आणि दुसरा तिसऱ्या ओळीपासून घेतला, पण दोन्हींची लांबी सारखी राहिली, तर कोणताही दोष न दाखवता चुकीच्या जोड्यांचा गुणांक मिळतो.

इशारा: ०.९४ म्हणजे ९४ टक्के संबंध नव्हे, आणि ०.८ हा ०.४ च्या दुप्पट भक्कम असेही नव्हे. टक्केवारीत बोलायचे असेल तर गुणांकाचा वर्ग घ्यावा. इथे तो सुमारे ०.८८ आहे. त्याचा अर्थ असा की या आठ व्यक्तींच्या वेळांमध्ये जो फरक आहे, त्यातील सुमारे ८८ टक्के भागाचा मेळ अंतराच्या सरळ रेषेशी बसतो. गुणांक हा रेषेचा उतारही नाही. आपल्या कलरेषेचा उतार सुमारे ३.२, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ३.२ मिनिटे, असा आहे. उताराला एकक असते, गुणांकाला नसते.

## टप्पा ७: तुटलेल्या ठिपक्याची चौकशी करा

समजा नववी नोंद आली: अंतर १२ किलोमीटर, वेळ १२ मिनिटे. गुणांक पुन्हा काढला तर तो ०.९४ वरून थेट ०.५१ वर येतो. नऊपैकी एकाच नोंदीने चित्र पालटले.

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण ती नोंद गुपचूप काढून टाकतात आणि काही जण तिच्याकडे न पाहता ०.५१ लिहून मोकळे होतात. योग्य मार्ग म्हणजे टप्पा २ मधील ओळखीचा रकाना उघडून मूळ नोंदीपर्यंत जाणे. लिहिणाऱ्याने वेळेच्या चौकटीत अंतरच पुन्हा लिहिले असेल, तर ती नोंदीतील चूक आहे. मूळ आकडा मिळाला तर दुरुस्त करावा, नाहीतर नोंद वगळून तसे स्पष्ट लिहावे. पण ती व्यक्ती खरोखरच रेल्वेने जात असेल आणि बाकीचे आठ जण रस्त्याने जात असतील, तर नोंद खरी आहे आणि तिने एक महत्त्वाची गोष्ट उघड केली आहे: आपण वाहतुकीचे साधन नोंदवलेच नव्हते. अशी नोंद ठेवून गुणांक तिच्यासह आणि तिच्याशिवाय, असे दोन्ही द्यावेत.

अशा वेळी स्पिअरमनचा क्रमांक-सहसंबंध वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात मूळ आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक घेतले जातात, त्यामुळे एखादा आकडा कितीही मोठा असला तरी त्याचा प्रभाव मर्यादित राहतो. सतत चढणाऱ्या पण वाकलेल्या संबंधासाठीही तो उपयोगी आहे. मात्र तो रामबाण नाही. आपल्या नऊ जोड्यांत तो सुमारे ०.४८ येतो, म्हणजे पिअर्सनच्या गुणांकापेक्षाही किंचित कमी, कारण अंतरात सर्वांत वरची व्यक्ती वेळेत खालून दुसरी आहे. चौकशीची जागा सूत्र घेऊ शकत नाही.

## टप्पा ८: गुणांक फुगवणाऱ्या आणि दडवणाऱ्या गोष्टी तपासा

पहिली तपासणी गटांची. पायी जाणारे आणि रेल्वेने जाणारे एकाच आलेखात घातले, तर पायी जाणाऱ्यांचे अंतर कमी आणि वेळ जास्त, तर रेल्वेवाल्यांचे अंतर जास्त आणि वेळ कमी असू शकते. प्रत्येक गटात अंतराबरोबर वेळ वाढत असूनही एकत्रित गुणांक ऋण येऊ शकतो. उपाय सोपा आहे: गटांचे ठिपके वेगळ्या रंगात आणि वेगळ्या आकारात काढावेत आणि प्रत्येक गटाचा गुणांक वेगळा काढावा.

दुसरी तपासणी व्याप्तीची. आपल्या आठ जोड्यांपैकी ५ ते ९ किलोमीटर अंतराच्या चारच जोड्या घेतल्या, तर गुणांक ०.९४ वरून ०.७१ वर येतो. मूळ नोंदींतील एकही आकडा बदललेला नाही, केवळ क्ष-अक्षाचा तुकडा लहान झाला. परीक्षेत निवडले गेलेल्यांचेच गुण घेऊन पुढील कामगिरीशी सहसंबंध काढला की तो दुबळा येण्यामागे बहुधा हेच कारण असते. उलट, व्यक्तींऐवजी गटांच्या सरासऱ्या घेतल्या की व्यक्तींमधला फरक पुसला जातो आणि गुणांक अनेकदा फुगतो. सरासऱ्यांवरून मिळालेला निष्कर्ष व्यक्तींना लावू नये.

तिसरी तपासणी काळाची. दोन गोष्टी वर्षानुवर्षे वाढत असतील, तर त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसला तरी गुणांक एकच्या जवळ येऊ शकतो, कारण दोन्ही काळाबरोबर चढत असतात. ठिपका म्हणजे वर्ष किंवा महिना असेल, तर मूळ आकड्यांऐवजी मागील कालखंडाच्या तुलनेत झालेला बदल घेऊन दुसरा आलेख काढावा. संबंध खरा असेल, तर बहुधा तो तिथेही दिसतो.

चौथी तपासणी जोड्यांच्या संख्येची. दोन मोजमापांत प्रत्यक्षात काहीच संबंध नसला, तरी थोड्या जोड्यांत योगायोगाने मोठा गुणांक येतो. प्रचलित ५ टक्के पातळीवर, म्हणजे खरा संबंध नसताना शंभरांत पाचच वेळा फसण्याची मुभा ठेवून, हा योगायोग मागे टाकण्यासाठी १० जोड्यांत गुणांक सुमारे ०.६३ च्या, ३० जोड्यांत ०.३६ च्या आणि १०० जोड्यांत ०.२० च्या पुढे जावा लागतो. ऋण गुणांकाचे चिन्ह सोडून तीच मर्यादा लावावी. आपला ०.९४ ही कसोटी ओलांडतो. तरी केवळ आठ जोड्या असल्यामुळे त्याचा ९५ टक्के विश्वासांतराळ, म्हणजे खरा गुणांक ज्या मर्यादांत असावा असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते तो टप्पा, सुमारे ०.६९ ते ०.९९ इतका रुंद आहे. म्हणून तीन-चार दशांश स्थळांपर्यंत गुणांक लिहिण्यात अर्थ नाही.

इशारा: २० मोजमापांचा तक्ता घेऊन प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली, तर १९० गुणांक तयार होतात. कुठेच खरा संबंध नसला तरी ५ टक्के पातळीवर त्यांतील नऊ-दहा «लक्षणीय» दिसणे अपेक्षितच आहे. त्यांतील निवडक दाखवून बाकीचे लपवणे ही वाचकाची फसवणूक आहे.

## टप्पा ९: निष्कर्षाचे वाक्य लिहा

इथे सर्वांत घातक चूक होते. «क्ष वाढला की य वाढतो» हे निरीक्षण लिहिता लिहिता «क्ष मुळे य वाढतो» असे होऊन जाते. आगीच्या ठिकाणी जास्त बंब गेले तिथे नुकसानही जास्त झालेले आढळेल, पण बंबांनी नुकसान केले असे कोणी म्हणणार नाही. आग मोठी होती म्हणून दोन्ही वाढले. वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: कारण उलट दिशेने असू शकते का, दोन्हींना चालवणारी तिसरी गोष्ट आहे का, आणि नोंदी ज्या पद्धतीने गोळा झाल्या तिनेच हा संबंध निर्माण केला आहे का? यांची उत्तरे आलेखात नसतात. ती विषयाच्या ज्ञानातून किंवा, शक्य असेल तिथे, प्रत्यक्ष प्रयोगातून मिळवावी लागतात.

कलरेषा दाखवायची असेल, तर ती पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंतच काढावी. आपली रेषा शून्य अंतरालाही सुमारे ४.८ मिनिटे दाखवते. त्याला फारसा अर्थ देऊ नये, आणि तीच रेषा ४० किलोमीटरपर्यंत लांबवून अंदाज तर मुळीच बांधू नये, कारण रस्त्याने जाणाऱ्यांची ११ किलोमीटरपलीकडची एकही नोंद आपल्याकडे नाही.

«मजबूत», «मध्यम», «दुर्बल» ही विशेषणे सर्वत्र लागू होणाऱ्या एकाच कोष्टकावरून लावण्याच्या मी विरोधात आहे. दोन तराजूंनी केलेल्या वजनांत ०.९ हा गुणांक काळजीचा विषय ठरेल, तर माणसांच्या वागणुकीच्या अभ्यासात ०.३ सुद्धा दखल घेण्याजोगा असू शकतो. विशेषणाऐवजी तपशील द्यावा. आपल्या उदाहरणाचे वाक्य असे होईल: «रस्त्याने जाणाऱ्या आठ व्यक्तींमध्ये, २ ते ११ किलोमीटरच्या टप्प्यात, अंतर आणि प्रवासाचा वेळ यांच्यात सरळरेषेतील धन सहसंबंध आढळला, पिअर्सनचा गुणांक ०.९४, ९५ टक्के विश्वासांतराळ ०.६९ ते ०.९९. रेल्वेने जाणारी एक व्यक्ती या गणनेत घेतलेली नाही. तिच्यासह गुणांक ०.५१ येतो.» आलेख या वाक्याच्या लगेच वर किंवा खाली ठेवावा आणि वगळलेला ठिपका त्यात वेगळ्या चिन्हाने दाखवावा.